थोरली-धाकटीचं टेबल

त्या दोघी सख्ख्या जावा. कारखान्यात त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. मोठ्या भावाची बायको थोरली, धाकट्याची धाकटी, एवढ्यावर सगळ्यांचं भागत होतं. थोरली तिथे आधीपासून होती. तिनंच फोरमनच्या मागे लागून धाकटीला चिकटवून घेतलं होतं. तेव्हा दोघींचं गूळपीठ होतं. पुढे बिनसलं, आणि असं बिनसलं की दोघींत विस्तव जाईना. टेबल मात्र एकच राहिलं. दिवसभर मधे तापलेली सोल्डर गन, आणि तिच्या दोन बाजूंना या दोघी, तोंडाला कुलूप लावून. फोरमन म्हणायचा, "यांचं भांडण मिटवायला जाईन आणि जोडी फुटली तर माझंच दुकान बसेल. राहू द्या."

जोडी खरंच तशी होती. काम म्हणजे एलईडीच्या बारक्या पट्ट्यांना वायरी जोडायच्या. पट्टी करंगळीच्या नखाएवढी, तिच्या मधोमध तांदळाच्या कणीसारखा दिवा, आणि मागे दोन चंदेरी ठिपके. एका ठिपक्याला लाल वायर, दुसऱ्याला काळी. असे दिवे नाटकगृहांत आणि सिनेमागृहांत पायऱ्यांच्या कडेला बसवतात. अंधारात उशिरा येणारा माणूस ठेचकाळू नये म्हणून. बघणाऱ्याचं त्यांच्याकडे लक्षही जात नाही, आणि जाऊ नयेच.

आता यात गोम अशी की एका हातात गन, दुसऱ्यात सोल्डरची तार, मग वायर धरायला तिसरा हात कुठून आणायचा? वायर केसासारखी आणि हट्टी. ठिपक्यावर टेकवली की उडी मारते. गन जरा जास्त वेळ टेकली तर ठिपका उखडून येतो, कमी टेकली तर जोड नुसता वरवर बसतो. दिसायला चिकटलेला, पण आत धरलेला नाही. त्याला तिथे 'ड्राय' म्हणत. म्हणून एकीनं चिमट्यात वायर धरायची, दुसरीनं डाख द्यायचा. थोरली डावखुरी होती. ती धाकटीच्या उजवीकडे बसे. थोरलीचा डावा हात आणि धाकटीचा उजवा हात टेबलाच्या मधोमध भेटत, कोपराला कोपर लागत नसे. थोरलीनं चिमटा एकदा टेबलावर वाजवला की पुढची पट्टी, दोनदा वाजवला की थांब. याच्या पलीकडे त्यांच्यात बोलणं नव्हतं. आणि यापलीकडे लागतही नव्हतं.

भांडणाचं मूळ सासूबाईंपाशी होतं. म्हाताऱ्या झाल्यावर त्या आळीपाळीनं दोन्ही मुलांकडे राहत. धाकटीच्या घरी असताना एकदा न्हाणीघरात त्यांचा पाय सरकला. खुब्याचं हाड मोडलं, त्या अंथरुणाला खिळल्या ते उठल्याच नाहीत. त्या गेल्या त्या दिवशी, घर माणसांनी भरलेलं असताना, थोरली म्हणाली, "फरशी ओली ठेवली नसती तर आज आई असत्या."

धाकटी म्हणाली, "मग ठेवून घ्यायच्या होत्या तुमच्याच घरी."

झालं. दोघींची वाक्यं अर्ध्या श्वासात संपली आणि दोघींनी ती उराशी धरून ठेवली. भावाभावांचं काही अडलं नाही. ते एकमेकांकडे जात, चहा पीत, सामने बघत. बायकांची मात्र अळीमिळी गुपचिळी. तेरावं झालं, दोघी कामावर आल्या, शेजारीशेजारी बसल्या, आणि थोरलीनं चिमटा वाजवला.

गेल्या काही महिन्यांत धाकटीच्या एक गोष्ट लक्षात आली होती. थोरलीचा हात मंदावला होता. वायर ठिपक्यावर यायची ती क्षणभर उशिरा, आणि आली की टोक किंचित खाली घसरायचं, धाकटीच्या बाजूला. मधेच थोरली चिमटा खाली ठेवून बोटं चोळायची, मूठ उघडझाप करायची, मुंग्या आल्यावर करतो तशी. धाकटी बघायची आणि बघितलं नाही असं करायची. विचारायचं म्हणजे आधी बोलायला हवं, आणि आधी बोलायचं म्हणजे आधी हरायला हवं. मग तिनं विचारण्याऐवजी आपला हात बदलला. गन खाली आणण्याआधी ती क्षणभर थांबू लागली. टोक जिकडे घसरणार तिकडेच गन टेकवू लागली. टेस्टिंगवाला एकेका पट्टीला बॅटरी लावून बघायचा. त्याला काही फरक जाणवला नाही. पट्ट्या पेटत होत्या. त्याचं काम तेवढंच.

एका दुपारी थोरलीनं चिमटा दोनदा वाजवला. धाकटी थांबली. पुन्हा दोनदा. धाकटीनं मान वर केली तर थोरलीचा चेहरा घामानं निथळत होता. ती उठली, भिंतीला धरत फोरमनपर्यंत गेली, काहीतरी बोलली. मग तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. गन स्टँडवर तापत राहिली. धाकटीनं ती बंद केली, ओल्या स्पंजावर टोक पुसलं, मग पुन्हा चालू केली. ट्रेमध्ये पट्ट्या उरल्या होत्या.

संध्याकाळी नवरा म्हणाला, "हृदयाचं आहे म्हणतात. येतेस बघायला?"

"येते की."

वाटेत तिनं संत्री घेतली. वॉर्डमध्ये थोरली उशीला टेकून बसली होती. दोन्ही भाऊ डॉक्टरांना शोधायला गेले आणि या दोघी समोरासमोर उरल्या. धाकटीनं पिशवी टेबलावर ठेवली. थोरलीनं पिशवीकडे पाहिलं, मग खिडकीकडे. खिडकीबाहेर पाण्याच्या टाकीशिवाय बघण्यासारखं काही नव्हतं, ते दोघींनी बराच वेळ बघितलं. धाकटीच्या मनात आलं, आता ही बोलेल. थोरलीच्याही मनात तेच असावं.

नर्स रक्तदाब बघायला आली. पट्टा गुंडाळता गुंडाळता तिनं विचारलं, "बहिणी का तुम्ही?"

"नाही," दोघी एकदम म्हणाल्या.

एकाच सुरात, एकाच दमात. नर्स हसली. थोरलीच्या ओठाचा एक कोपरा हलला, हसू होतं की कळ होती ते धाकटीला कळलं नाही. मग भाऊ परत आले, बोलणं डॉक्टरांवर गेलं, भेटीची वेळ संपली. धाकटी निघाली.

थोरली पहाटे गेली.

फोन नवऱ्यानं घेतला. तो पलंगाच्या कडेवर बसून लहान मुलासारखा रडला. धाकटीनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला, त्याला पाणी दिलं, दूध तापवलं. मग थोरलीच्या घरी गेली. घर माणसांनी भरलं. थोरलीची एकुलती एक मुलगी लांबच्या गावी दिलेली. ती दुपारी येऊन पोचली आणि धाकटीच्या गळ्यात पडून "काकू, काकू" करत हुंदके देऊ लागली. धाकटीनं तिला धरून ठेवलं. आपले हात बरोबर ठिकाणी आहेत ना, एवढंच तिनं बघितलं. दाताचा डॉक्टर सुई देतो आणि मग आपलाच गाल आपला वाटत नाही, चिमटा काढला तरी दुसऱ्याचा काढल्यासारखा. तसं तिचं सगळंच झालं होतं. कोण आलं, कोण गेलं, चहा कुणाला मिळाला नाही, ते सगळं तिला दिसत होतं आणि ती ते निस्तरतही होती. आत मात्र काही पोचत नव्हतं.

शेवटचं सगळं आटोपलं. मुलगी दोन आठवडे राहून सासरी गेली. धाकटी त्याच्या कितीतरी आधी कामावर रुजू झाली होती.

"अजून थोडे दिवस घरी राहिला असतात," फोरमन म्हणाला.

"घरी बसून काय करू?"

त्यानं मग क्लिप लावलेला एक स्टँड आणून दिला. क्लिपमध्ये वायर अडकवायची, म्हणजे दुसऱ्या माणसाची गरज नाही. स्टँडचा हात मंदावत नाही, घसरत नाही, मधेच मूठ उघडझाप करत नाही. काम हळू होत होतं, पण होत होतं. टेस्टिंगवाला म्हणाला, "एक म्हणून ड्राय नाही तुमच्या ट्रेमध्ये." ती म्हणाली, "बरं."

बेसिनपाशी डबा धुताना पलीकडून पॅकिंगच्या बायकांचं बोलणं कानावर आलं.

"डोळ्यातून टिपूस नाही गं. दगड आहे, दगड."

"सुटली असेल मनातून. रोज तोंड बघायला लागत होतं."

धाकटीनं डबा विसळला, झाकण लावलं. राग यावा म्हणून तिनं जरा थांबूनसुद्धा पाहिलं. आला नाही. ती टेबलाशी परत गेली.

रात्री अंथरुणावर पडताना नवऱ्यानं विचारलं, "तुला रडू येत नाही?"

"येईल तेव्हा येईल."

"मनात ठेवू नकोस काही."

"मनात काही असलं तर ठेवेन ना," ती म्हणाली, आणि हे अगदी खरं होतं.

मग मोठं काम आलं. कुठल्याशा नव्या नाटकगृहाच्या सगळ्या पायऱ्यांचे दिवे. क्लिपच्या स्टँडवर ते निभणार नव्हतं. फोरमननं एका बाईला आणून थोरलीच्या खुर्चीवर बसवलं. ती जन्मभर शिवणकाम केलेली शिंपीण होती. तयार कपड्यांच्या दुकानांनी तिच्या धंद्यावर पाणी फिरवलं होतं. हात तिचा बारीक कामात मुरलेला, नजर तीक्ष्ण, आणि जिभेला हाड नाही. खुर्चीत टेकायच्या आधी तिनं आपले गुडघे, आपली सून आणि आपल्या गल्लीतला नळ अशा तिन्ही विषयांना हात घातला होता.

"मग सांगा, काय करायचं मी?"

"वायर धरायची. ठिपक्यावर."

"कशी धरायची?"

धाकटीनं चिमटा उचलून तिच्यापुढे धरला. इतकी वर्षं हे काम तिनं केलं, पण ते शब्दांत कधी सांगितलं नव्हतं. "हलू द्यायची नाही," ती शेवटी म्हणाली.

"म्हणजे सुईत दोरा ओवताना दम धरतो तसं?"

"तसंच."

"मग जमलं. अहो, मी काय म्हणत होते, तो नळ..."

शिंपीण उजव्या हातानं काम करायची. उजवीकडच्या खुर्चीतून तिचा हात आडवा यायचा, कोपराला कोपर लागायचं. म्हणून तिनं खुर्ची उचलली आणि समोर जाऊन बसली. थोरलीची जागा रिकामी झाली. धाकटीनं त्या जागेवर वायरींची रिळं ठेवून दिली.

काम सुरू झालं. शिंपीण बोलत होती, धाकटी हुंकार देत होती, पट्ट्या पुढे सरकत होत्या. मान खाली, भिंगाच्या दिव्याचा पांढरा उजेड, सोल्डरमधल्या राळेचा धूर, पंख्याची घरघर. धाकटीचे हात आपले आपण चालत होते. वायर आली. ती क्षणभर थांबली. गन खाली आणली, जरा आपल्या बाजूला, टोक जिथे घसरतं तिथे.

शिंपीण ओरडली.

टोक घसरलेलं नव्हतं. तिची वायर जिथल्या तिथे होती, आणि घसरण्याच्या जागी पट्टी दाबून धरलेलं तिचं दुसऱ्या हाताचं बोट होतं. खुर्च्या सरकल्या, दोनचार जणी धावल्या. फोरमननं बोट नळाखाली धरायला लावलं, कुणी मलम आणलं. थोड्या वेळानं शिंपीण बोट फुंकत परत आली. "काही नाही हो. एक फोड आलाय नुसता. इस्त्रीनं याहून भाजलेय मी. सुरू करा."

धाकटी हलली नाही. गन तिच्या हातात तशीच होती, टोकावरचं सोल्डर काळपट पडत चाललेलं. ती त्या रिकाम्या पट्टीकडे बघत होती.

"अहो, मी म्हटलं ना काही झालं नाही म्हणून."

"आजवर मी कुणाला भाजलं नव्हतं," धाकटी म्हणाली. "तिला एकदाही नाही."

"होतं हो. नवीन माणूस आहे समोर."

"तिचा हात बधिर व्हायचा. शेवटी शेवटी. वायर घसरायची. मला ठाऊक होतं."

शिंपिणीचं फुंकणं थांबलं. "मग सांगायचं होतं की तिला. दाखव म्हणावं कुणाला."

"बोलत नव्हतो आम्ही."

"का?"

धाकटीनं जरा विचार केला. "फरशी ओली होती," ती म्हणाली.

 शिंपिणीनं गन धाकटीच्या हातातून काढून घेतली, स्टँडवर ठेवली आणि म्हणाली, "चला, डबे खाऊ." जेवायची वेळ झाली नव्हती, पण फोरमननं पाहून न पाहिल्यासारखं केलं. जिन्याखालच्या बाकावर बसून धाकटीनं सगळं सांगितलं. सासूबाईंचं, भांडणाचं, चिमट्याच्या टकटकीचं, संत्र्यांचं, नर्सच्या प्रश्नाचं. सपाट आवाजात, रस्ता सांगावा तसं. शिंपिणीनं एकदाही मधे तोंड घातलं नाही. शेवटी तिनं, "तुमच्या घरच्यांना ठाऊक आहे हे?" एवढंच विचारलं.

"नाही."

"थोरलीच्या नवऱ्याला तरी सांगा. त्याच्या बायकोचं आहे ते. तुमच्यापाशी कशाला ठेवता?"

सुटी झाल्यावर धाकटी घरी न जाता थेट थोरलीच्या घरी गेली. भाऊजी म्हणजे तिचे मोठे दीर. जन्म टपालखात्यात गेला. शहरातली गल्ली न् गल्ली तोंडपाठ, पण स्वतःच्या स्वयंपाकघरात साखरेचा डबा सापडत नव्हता. त्यांनी दार उघडलं तेव्हा आत शेगडीवर चहाचं पातेलं होतं. त्यात नुसतं पाणी उकळत होतं, कधीपासून कोण जाणे.

"ये. साखर बघतोय मी. तिनं कुठे ठेवली होती कुणास ठाऊक."

धाकटीनं मांडणीवर नजर फिरवली. थोरली डावखुरी. रोज लागणारं सगळं शेगडीच्या डाव्या हाताला. तिनं डावीकडचा डबा उघडला, साखर होती. तिनं चहा केला. दोघं स्वयंपाकघरातच स्टुलावर बसली.

"भाऊजी, एक सांगायचंय. ताईंचा डावा हात गेले काही महिने बधिर होत होता. मी रोज बघत होते. सांगितलं नाही मी कुणाला."

भाऊजींनी कप खाली ठेवला. ते रागावतील, असं तिला वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मलाही ठाऊक होतं," ते म्हणाले. "मीच नेलं होतं डॉक्टरकडे. गोळ्या दिल्या होत्या त्यांनी. घेत नव्हती."

"का?"

"गोळी घेतली की गुंगी येते म्हणायची. चिमटा सुटतो हातातून, काम बिघडतं. मी म्हटलं, सोड ते काम. तर म्हणे, मी सोडलं तर धाकटीला कुणीतरी वाट्टेल ती गळ्यात बांधतील." भाऊजी कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. "मी म्हटलं, बोलत तर नाहीस तिच्याशी. तर म्हणाली, बोलायचं काय आहे त्यात, काम आहे."

धाकटीनं मान हलवली. हे सगळं तिनं ऐकलं, शब्दन् शब्द ऐकला. ऐकून काहीतरी व्हायला हवं होतं. आता भरून यावं, आता घशात अडकावं, म्हणून तिनं वाट पाहिली. चहा गार झाला. तिनं कप विसळून पालथे घातले.

"तुम्ही जेवता काय, भाऊजी?"

"बिस्किटं असतात. खाली मेस आहे."

"भात लावता येतो?"

"एका माणसाला किती लावायचा तेच कळत नाही गं. परवा पातेलंभर झाला."

तिनं वाटी काढली, तांदूळ मोजून दाखवला, पाणी बोटाच्या पेरानं कसं बघायचं ते दाखवलं. भाऊजी शाळकरी पोरासारखे शेजारी उभे राहिले. पेर बुडवायचं म्हटल्यावर त्यांनी आधी हात धुतले, मग टॉवेलला पुसले, मग पेर बुडवलं.

त्यानंतर दर रविवारी ती जाऊ लागली. सुरुवातीला स्वयंपाक करून ठेवायला, मग शिकवायला. भाऊजींनी कांदा चिरताना बोट कापलं, भाजी करपवली, एकदा मिठाच्या जागी सोडा टाकला आणि हट्टानं खाल्लीसुद्धा. नवरा म्हणाला, "दादाला चाळीस वर्षांत जमलं नाही ते तू शिकवतेस." तो अधूनमधून सोबत यायचा, दाराशी बसून पेपर वाचायचा. कारखान्यात नाटकगृहाचं काम पुरं होऊन खोकी रवाना झाली. शिंपिणीचा हात बसला. धाकटीनंही थांबायची सवय मोडली. आधी काही दिवस तिला प्रत्येक पट्टीला स्वतःला बजावावं लागलं, थांबायचं नाही, सरळ टेकवायची. मग बजावावंही लागेना. शिंपिणीच्या गल्लीतल्या नळाला पाणी आलं आणि तो विषय संपला. लगेच दुसरा निघाला. धाकटी ऐकत होती, कधीकधी उत्तर देत होती. एकदा तर दोघी हसल्याही. आत मात्र तसंच होतं, सुई दिलेल्या गालासारखं. त्याची तिला सवय झाली होती. काही माणसं अशीच जगत असतील, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

मग एका रविवारी ती पिशवीत भाजी घेऊन थोरलीच्या गल्लीत शिरली, तर भाऊजी वरच्या खिडकीत उभे. तिला बघताच त्यांनी हात केला.

"अगं, आज वर येऊ नकोस! मी केलंय सगळं. भात, भाजी, सगळं. बरं झालंय चवीला. तू जा घरी, जरा आराम कर!"

त्यांचा चेहरा उजळला होता. खाली रस्त्यावरून जाणारी दोन माणसं वर बघून हसली. धाकटी म्हणाली, "बरं बरं," आणि माघारी फिरली.

बसथांब्यावर येऊन बाकावर बसली. पिशवी मांडीवर. समोरून एक बस आली, गेली. तिनं उठायला हवं होतं, ती उठली नाही. डोक्यात कसलाही विचार नव्हता, नुसता भाऊजींचा आवाज होता, चवीला बरं झालंय. एवढं सोपं होतं. या माणसाला भात लावता येत होता. एक रविवार, दोन रविवार, आणि आलं. आणि ती बाई म्हणे गोळी घेत नव्हती. घरात एक माणूस उपाशी मरेल, कारखान्यात एक माणूस अडेल, असं धरून साऱ्या जगाचा भार आपल्याच डाव्या हातावर घेऊन बसली होती. कुणी सांगितलं होतं? कुणी विचारलं होतं तिला?

"अक्कल गहाण टाकली होती का?" धाकटी म्हणाली.

मोठ्यानं म्हणाली. बाकावर शेजारी बसलेल्या माणसानं दचकून पाहिलं आणि तो थोडा पलीकडे सरकला.

"तुम्हाला नाही," ती त्याला म्हणाली.

कानशिलं तापली होती. छातीत काहीतरी उसळत होतं, आणि ते दुःख नव्हतं, चक्क राग होता. इतक्या दिवसांनी अंगात काहीतरी आलं, आणि आलं ते हे. तिला त्याचंही नवल वाटलं नाही, इतका तो राग खरा होता. पुढची बस आली. ती चढली, उभीच राहिली, सारा रस्ता ओठ घट्ट मिटून.

घरी नवरा पेपर पसरून बसला होता. तिनं पिशवी ओट्यावर आपटली. एक कांदा उडून खाली गडगडला. तिनं तो उचलला आणि तोही आपटला. कढई काढली तिचा आवाज शेजारच्या घरापर्यंत गेला असेल.

"काय झालं? दादानं काही म्हटलं का?"

"दादांनी नाही. तुमची वहिनी!"

नवऱ्यानं पेपर खाली ठेवला.

"गोळ्या घ्यायला काय धाड भरली होती तिला? आं? चिमटा सुटतो म्हणे! सुटू दे ना चिमटा! मी बघून घेतलं असतं की! म्हणे धाकटीच्या गळ्यात बांधतील कुणी. बांधली की नाही मग शेवटी? आहे ना ती नळवाली समोर? मेलेय का मी?" तिचा आवाज चिरकला आणि ती तशीच बोलत राहिली. "मला सांगायला काय झालं होतं? एका टेबलावर बसून, एवढं हातभर अंतर, तोंड उघडलं नाही बाईनं!"

"तू तरी कुठे उघडलंस?" नवरा म्हणाला.

तो हळूच म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर घाबरला. धाकटीनं कढई शेगडीवर ठेवली.

"नाहीच उघडलं," ती म्हणाली. "पण मोठी ती होती."

आणि तिनं पुन्हा सुरुवात केली, अगदी पहिल्यापासून, सासूबाईंच्या आजारपणापासून. कांदा चिरत, फोडणीला टाकत, मधेच नाक पुसत, ते कांद्यानं की कशानं हे नवऱ्यानं विचारलं नाही. तो उठला, तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला, आणि जिथे तिचं चुकत होतं तिथे, "तसं नव्हतं, आधी आईनं दादाला बोलावलं होतं," असं म्हणून दुरुस्त करू लागला. ती त्याच्यावरही भडकली. खूप उशिरापर्यंत त्यांच्या घरातून भांडणाचे आवाज येत होते.